नजर मोजणारी पेटी

एव्हारिस्तो फ्रेतास माणूसघाणा होता असं म्हणणं चूक ठरेल. त्याला घाण यायची ती ठरावीक माणसांची. फक्त ती ठरावीक माणसं बरीच होती. नौदलातले गोरेगोमटे अधिकारी, बंदरावर महागडे फ्लॅट घेऊन मग धक्क्यावरचे समुद्रसिंह ओरडतात म्हणून महापालिकेत अर्ज करणारे शहाणे, डबाबंद ट्यूना ‘मांजराचं खाणं’ म्हणून नाकं मुरडणारे. आणि या सगळ्यांच्या वर, गेली कित्येक वर्षं, डॉक्टर क्रेग हॉलनबेक.

एव्हारिस्तोचा जन्म सॅन डिएगोतल्या पॉइंट लोमाच्या उतारावरचा. बाप पोर्तुगालच्या अझोरेस बेटांवरून आलेला कोळी. पोरगा विशीत नौदलात गेला, व्हिएतनामच्या लढाईत बोटीच्या पोटात इंजिनं राखत बसला, आणि परत आला तो सरळ ट्यूनाच्या बोटींवर. पुढं मासळीचे ताफे दूर पॅसिफिकात निघून गेले, मासळी डबाबंद करणारे कारखाने बंद पडले, तेव्हा त्यानं गोदीत नोकरी धरली आणि तिथूनच निवृत्त झाला. मग हृदय दमलं. पाय सुजायला लागले. जुना नौसैनिक म्हणून माजी सैनिकांच्या दवाखान्यात त्याला उपचार फुकट होते, आणि तिथं त्याच्या वाट्याला हॉलनबेक आला.

“फुकट मिळतंय पापा, नावं नका ठेवू,” लिडिया म्हणायची. लिडिया त्याची एकुलती एक मुलगी. शाळेच्या बसगाड्यांच्या डेपोत कामाला होती आणि दिवसभर ड्रायव्हरांवर ओरडून घरी आली की बापावर ओरडायला तिच्याकडं आवाज शिल्लक राहायचा.

“फुकट कुठलं? कान फुटेस्तोवर इंजिनरूममध्ये बसून भरलंय मी ते.”

हॉलनबेक उंच, सडपातळ, पन्नाशीतला. भिंतीवर पदव्यांच्या चौकटी, खुंटीला सायकलचं हेल्मेट. दार उघडून पेशंट आत आला की तो “या, या, कसे आहात?” असं अगदी प्रेमानं विचारायचा, पण विचारायचा कॉम्प्युटरच्या पडद्याला. टेबल खिडकीकडं तोंड करून, पडदा टेबलावर आणि पेशंटची खुर्ची त्याच्या पाठीशी, जरा तिरकी. तेव्हा एव्हारिस्तोला डॉक्टरचं जे दर्शन घडे ते एका कानाचं आणि मानेवरच्या नीट कापलेल्या केसांचं. कळफलकाची टकटक चालू. मधूनच प्रश्न. उत्तर दिलं की पुन्हा टकटक.

“त्याच्या डाव्या कानात केस वाढलेत,” एव्हारिस्तो बंदरावरच्या बाकावर जुन्या सोबत्यांना सांगायचा. “बाकी त्याचं तोंड कसं आहे ते मला विचारू नका.”

यात हसण्यासारखं होतं तेवढं तो हसवायचा. जे हसण्यासारखं नव्हतं ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, लिडियालासुद्धा नाही.

त्याची बायको देओलिंदा गेली त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याची तपासणीची पाळी होती. जायचं नव्हतं, लिडियानं लोटला. खुर्चीत बसला. टकटक चालू होती. हॉलनबेकनं विचारलं, “घरी सगळं ठीक? काही बदल?”

एव्हारिस्तो म्हणाला, “माझी बायको गेली.”

“छान, छान,” हॉलनबेक म्हणाला. टकटक थांबली नाही. “आणि शौचाला साफ होतं?”

एव्हारिस्तोनं “होतं” म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार? उठून त्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं वाटलं, पण हात मांडीवरून उठलाच नाही. त्या दिवसापासून मात्र त्यानं त्या खोलीत तोंड उघडायचं सोडून दिलं. विचारलं की “नाही.” पुन्हा विचारलं की “ठीक.” असल्या माणसाला आपल्या छातीतलं, पोटातलं, मनातलं काही सांगायचं म्हणजे भिंतीवरच्या त्या हेल्मेटला सांगण्यासारखं आहे, असं त्याचं ठाम मत झालं.

अशात ती पेटी आली.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत एक मुलगी पेशंटांना गाठत फिरत होती. जीन्स, गळ्यात विद्यापीठाचा ओळखपत्राचा पट्टा, हसरं तोंड. नाव नोएमी कास्तेयानोस. एव्हारिस्तोनं तिला येताना पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. काहीतरी विकायला आली असणार.

“मिस्टर फ्रेतास, आम्ही एक अभ्यास करतोय,” ती शेजारी बसत म्हणाली. “डॉक्टर पेशंट तपासताना कॉम्प्युटर किती वापरतात आणि त्याचा पेशंटशी बोलण्यावर काय परिणाम होतो, असा.”

“त्यात अभ्यास कसला? मी सांगतो. लिही.”

ती हसली. “तुम्ही सांगाल ते खरंच असेल. पण आम्हाला मोजायचंय.” मग तिनं त्याला सांगितलं. एक पेटी असते. तिच्यातून एक कॅमेरा निघतो, तो माणसं कुठल्या अंगाला वळलीत, किती वाकलीत ते टिपतो. पडद्याच्या खाली एक पट्टी लावतात, ती डॉक्टरचे डोळे पडद्यावर नेमके कुठं आहेत ते ओळखते. एक माइक, कुठल्या बाजूनं आवाज येतोय ते सांगणारा. आणि कॉम्प्युटरच्या आत एक प्रोग्राम. डॉक्टरनं कुठलं पान उघडलं, कुठलं बटण दाबलं, सगळं नोंदवणारा.

एव्हारिस्तोनं पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. “म्हणजे तो माझ्याकडं बघतो की नाही, ते कळेल?”

“अगदी बरोबर कळेल.”

“आण कागद. कुठं सही करायची?”

एवढ्या उत्साहानं सही करणारा पेशंट तिला तोवर मिळाला नव्हता, असं ती पुढं म्हणाली. एव्हारिस्तोला विज्ञानाचं प्रेम नव्हतं. त्याला पुरावा हवा होता.

पहिल्या खेपेला हॉलनबेक नेहमीसारखाच वागला. वर काळी पेटी बसलेली, पडद्याखाली पट्टीचा बारीक लाल दिवा, आणि हा बाबा तसाच पाठमोरा, टकटक, टकटक. एव्हारिस्तो मनातून खूश. बाहेर आला तो नोएमीला म्हणाला, “मिळालं ना सगळं? कान आला का चांगला?”

सगळं मिळालं होतं. पुढं काय झालं ते त्याला फार नंतर, नोएमीकडूनच समजलं. विद्यापीठाच्या लोकांनी डॉक्टरांना दुपारच्या जेवणाला बोलावून ज्याचे त्याचे आलेख दाखवले. हॉलनबेकची नजर तपासणीचा बहुतेक सगळा वेळ पडद्यावर होती. सगळ्या दवाखान्यात त्याचा आकडा सर्वांत वाईट. आणि त्याच्या शेजारी सँडविच खात बसलेल्या, त्याच्यापेक्षा वयानं लहान डॉक्टरीणबाईंचा सर्वांत चांगला. हॉलनबेक हसला म्हणे. ‘फार उद्बोधक,’ असं म्हणाला. सँडविच मात्र त्यानं तसंच टाकलं.

माणसाला लाज वाटली की तो सुधारतो, असं आपण धरून चालतो. काही माणसं लाज वाटली की नाटक शिकतात.

एव्हारिस्तो दुसऱ्या खेपेला खोलीत शिरला तर टेबल फिरवलेलं. हॉलनबेक उठून उभा राहिला. दोन्ही हातांत त्याचा हात घेतला. डोळ्यांत डोळे घातले, आणि घातले ते काढलेच नाहीत. निळे, ओलसर, पापणी न लवणारे डोळे. खुर्ची पुढं ओढून गुडघ्याला गुडघा लागेल असा बसला. एव्हारिस्तो मागं सरकला, तसा तो आणखी पुढं झुकला.

“एव्हारिस्तो,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पहिल्या नावानं. “मला तुमच्याबद्दल ऐकायचंय.”

“काय ऐकायचंय?”

“समुद्राबद्दल सांगा. तुम्ही मासेमारी करायचात ना?”

“मी इंजिनं बघायचो.”

“किती सुंदर,” हॉलनबेक म्हणाला आणि मान डोलावली. वर पेटीकडं त्याची नजर चोरून गेली, तेवढीच काय ती इकडची तिकडं झाली. “आणि मिसेस फ्रेतास? बायको कशी आहे?”

एव्हारिस्तोनं त्या ओल्या डोळ्यांत बघितलं. आत कुणी नव्हतं. पाठमोरा होता तेव्हा निदान समोरून आत कुणी असेल अशी शंका तरी घेता येत होती.

“आहे तशीच आहे,” तो म्हणाला.

“उत्तम! माझा नमस्कार सांगा.”

“सांगेन. लवकरच.”

हॉलनबेक मोकळेपणानं हसला. मग म्हणाला, पायांची सूज अजून दिसतेय, आपण सुजेच्या गोळीचा डोस दुप्पट करू. आणि डोळे एव्हारिस्तोवर तसेच रोवून त्यानं एक हात बाजूला लांबवला आणि आंधळा भिंत चाचपतो तसा माऊस चाचपला. पडद्यावर काहीतरी लाल उमटलं. ते एव्हारिस्तोला दिसलं. हॉलनबेकनं तिरपा डोळासुद्धा न टाकता बोटानं टिचकी मारली, लाल नाहीसं झालं. निरोप देताना त्यानं एव्हारिस्तोच्या खांद्यावर थोपटलं.

“कसं झालं?” गाडीत लिडियानं विचारलं.

“पाठमोरा होता तोच बरा होता,” एव्हारिस्तो म्हणाला, आणि घर येईतो आणखी बोलला नाही. गोळ्या मात्र त्यानं सांगितल्याप्रमाणं दुप्पट घेतल्या. डॉक्टरचा तिरस्कार करणं वेगळं आणि डॉक्टरनं दिलेली गोळी टाकून देणं वेगळं. त्याच्या पिढीतली माणसं ते दुसरं करत नाहीत.

आठवडा सरत आला तशी पायांतली ताकद जायला लागली. सूज उतरली होती, पण पाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे वाटायचे. रविवारी सकाळी चर्चमधली प्रार्थना आटोपून तो पोर्तुगीज बेकरीच्या रांगेत उभा होता. गोड पाव घ्यायला त्याचा नंबर आला, त्यानं हात वर केला, आणि हात खाली आला तो सगळ्या एव्हारिस्तोला घेऊनच. काऊंटरखाली पडला. शुद्ध होती. नाडी मात्र इतकी सावकाश चालली होती की बेकरीवाल्या बाईनं मनगट धरून पाहिलं आणि स्वतःच्या छातीवर क्रूसाची खूण केली.

इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टरनं छातीला तारा लावल्या, कागदावरच्या रेघा पाहिल्या, रक्त काढून पाठवलं आणि निकाल यायची वाट न बघता शिरेत इंजेक्शनं सुरू केली. पाय सुजू नयेत म्हणून जी गोळी होती तिच्यानं रक्तातलं पोटॅशियम वाढतं. फार वाढलं की स्नायू ढिले पडतात, आणि हृदयही स्नायूच. एव्हारिस्तोचं थांबायच्या बेतात होतं.

“हा डोस कुणी वाढवला?” तरुण डॉक्टर पडद्याकडं बघत म्हणाला. “दवाखान्यात त्याच्या आधीच्याच आठवड्यात रक्त तपासलंय यांचं. पोटॅशियम तेव्हाच वर होतं. इथं लाल अक्षरांत लिहिलंय. गोळी बंद करायची सोडून दुप्पट केली?”

लिडिया पांढरी पडली. मग लाल झाली. “त्या माणसाला मी जिवंत सोडणार नाही,” ती म्हणाली.

एव्हारिस्तो पडल्या पडल्या छताकडं बघत होता. बोलायचं त्राण नव्हतं, पण डोकं चालू होतं. त्याला त्याच्या बोटीवरचा एक मदतनीस आठवला. नवा, धांदरट, इंजिनांचा चीफ म्हणजे एव्हारिस्तो आपल्यावर खूश राहावा म्हणून धडपडणारा. तेलाच्या दाबाचा काटा खाली चाललेला, आणि हा एव्हारिस्तोच्या तोंडाकडं बघून हसतोय. एव्हारिस्तोनं त्याची मानगूट धरून तोंड काट्यापुढं नेलं होतं आणि म्हटलं होतं, माझ्या थोबाडावर काय लिहिलंय, इथं बघ. आणि इतकी वर्षं आपण स्वतः काय मागत होतो? माझ्याकडं बघ, माझ्याकडं बघ. मिळालं. पोटभर मिळालं. त्याला स्वतःचीच शिसारी आली, आणि ती नवी होती. आजवर सगळी त्यानं दुसऱ्यांसाठी राखून ठेवली होती.

दोन दिवसांनी हॉलनबेक वॉर्डात आला. पेटी नव्हती, तेव्हा डोळे पुन्हा मोकळे झाले होते. खिडकी, बाटली, पलंगाचा नंबर, सगळीकडं फिरले, एव्हारिस्तो सोडून.

“सिस्टिमनं सूचना ठळकपणे द्यायला हवी होती,” तो म्हणाला. “आम्ही ती गोष्ट वरपर्यंत नेतोय.”

“लाल होती,” एव्हारिस्तो म्हणाला.

“काय?”

“सूचना. मी बघितली. मला वाचता येत नव्हती एवढ्या लांबून. तुम्हाला आली असती.”

हॉलनबेकनं घड्याळ बघितलं. लवकर बरे व्हा म्हणाला. दारात त्याची लिडियाशी गाठ पडली; लिडिया बस डेपोच्या आवाजात काय बोलली ते शेजारच्या दोन वॉर्डांनी ऐकलं. तिनं तक्रारही ठोकली. एव्हारिस्तो म्हणाला, कशाला, तक्रार माणसाविरुद्ध करतात. पण सही केली.

यानंतरची गोष्ट म्हणजे त्या विद्यापीठवाल्यांचा समारंभ. अभ्यास पुरा झाला होता. दवाखान्याच्या सभागृहात निष्कर्ष सांगायचे होते, आणि भाग घेतलेल्या पेशंटांना आमंत्रण होतं. कॉफी, मफिन आणि आभार. नोएमीनं फोन केला. एव्हारिस्तोचं काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. आजारी पेशंटची बातमी एका खात्यात, नजरेचे आकडे दुसऱ्या खात्यात.

“नका जाऊ,” लिडिया म्हणाली. “अजून नीट चालता येत नाही तुम्हाला.”

“मफिन आहेत,” एव्हारिस्तो म्हणाला आणि कोट मागितला.

सभागृहात डॉक्टर, नर्स, कार्यालयातले सुटाबुटातले, आणि मागच्या रांगांत काठ्या घेतलेले पेशंट. व्यासपीठावर प्रोफेसर व्हिटकॉम्ब, नोएमीचे गुरू. गोल चष्मा, पायांत धावायचे बूट, आणि आपल्याच बोलण्यानं खूश होणारा आवाज. त्यांनी नजरेबद्दल असं काही व्याख्यान दिलं की जणू माणसं एकमेकांकडं बघतात हे त्यांच्या प्रयोगशाळेतच सापडलं होतं.

“आता एकाच डॉक्टरांच्या दोन भेटी पाहू,” ते म्हणाले. “चेहरे झाकलेत, आवाज काढलाय. ही पहिली.”

पडद्यावर दोन आकृत्या. एक पाठमोरी, वाकलेली. कान मात्र कुणी झाकला नव्हता. एव्हारिस्तोनं तो ओळखला. लिडियाला कोपरानं ढोसलं. मग त्याची नजर दुसऱ्या आकृतीवर गेली. म्हातारा खुर्चीत दाराकडं तोंड करून बसला होता. हाताची घडी, हनुवटी वर. डॉक्टर मान वळवून काहीतरी विचारतोय, एकदा, पुन्हा एकदा, म्हणजे वळत होता तर कधीमधी! आणि म्हातारा त्याचं पुरतं बोलून व्हायच्या आत मान हलवून नाही म्हणतोय.

“हा कोण कुचकट म्हातारा?” एव्हारिस्तो पुटपुटला.

“तुम्हीच ना, पापा,” लिडिया म्हणाली.

त्याला कळलं होतं. तरी तिनं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

“आणि ही दुसरी!” प्रोफेसर म्हणाले. “केवळ आलेख दाखवल्यानंतर झालेला हा बदल बघा. नजर पेशंटवर. शरीर पुढं झुकलेलं. पडद्याकडं जवळजवळ दुर्लक्ष. आमच्या सगळ्या अभ्यासातली ही आदर्श भेट. मी तर म्हणेन, अशी तपासणी प्रत्येक डॉक्टरला जमली पाहिजे.”

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत हॉलनबेक मान खाली घालून बसला होता. लोकांना तो विनय वाटला असेल.

एव्हारिस्तो काठी टेकून उभा राहिला. “आवाज लावा.”

प्रोफेसर हसले. “माफ करा, आवाज आम्ही लावत नाही. पेशंटच्या खासगीपणाचा प्रश्न असतो.”

“पेशंट मी आहे. तो खुर्चीतला. माझ्या खासगीपणाला मी सांगतो काय ते. लावा.”

कुजबूज झाली. कार्यालयातली एक बाई उठली, पुन्हा बसली. प्रोफेसर म्हणाले, नंतर आपण निवांत बोलू. एव्हारिस्तो बसला नाही. “मग मी सांगतो आत काय बोलणं चाललंय. तो मला विचारतोय, बायको कशी आहे. माझी बायको मेलीय. त्याला मी सांगितलंय, त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून. तेव्हा छान म्हणाला होता. आता उत्तम म्हणाला.”

लिडियानं बापाकडं पाहिलं. ‘छान’ची गोष्ट तिला आजच कळत होती.

“पोरी,” एव्हारिस्तो नोएमीकडं वळला. ती भिंतीशी लॅपटॉप घेऊन बसली होती. “तुझा तो प्रोग्राम सगळं टिपतो म्हणालीस. त्या दिवशी ह्यानं माझ्या रक्ताचं पान उघडलं होतं का?”

नोएमीनं प्रोफेसरांकडं पाहिलं. प्रोफेसरांनी मान हलवली, अगदी बारीक, पण नाही अशीच. तिनं लॅपटॉपवर बोटं चालवली.

“नाही,” ती म्हणाली. “उघडलं नव्हतं. औषध देताना एक धोक्याची चौकट आली होती. ती न वाचता बंद केलीय.”

“न वाचता कशावरून?” प्रोफेसर जरा तीक्ष्णपणे म्हणाले.

“डोळे पडद्यावर नव्हते, सर. ते तर आपण आत्ताच दाखवलं.”

“तर ही तुमची आदर्श भेट,” एव्हारिस्तो म्हणाला. “हिच्यानंतर मी बेकरीच्या काऊंटरखाली मरत पडलो होतो. वाजवा टाळ्या.”

त्यावर प्रोफेसर व्हिटकॉम्ब काय म्हणाले? ते म्हणाले, “हा अतिशय मोलाचा अभिप्राय आहे.” एव्हारिस्तोनं खिशात दोन मफिन घातले आणि लिडियाचा हात धरून बाहेर पडला. गाडीपाशी आल्यावर लिडिया रडायला लागली. “मला का नाही सांगितलंत? आईबद्दल तो असं बोलला ते?”

“तू त्याला मारला असतास.”

“मारलाच असता.”

“म्हणून,” एव्हारिस्तो म्हणाला. “आणि मला लाज वाटली. मी नुसता ‘होतं’ म्हणून सांगून आलो.” तिनं त्याला गाडीत बसवलं, पट्टा लावला, आणि लहान मुलाची लावतात तशी त्याच्या कोटाची बटणं लावून दिली. त्यानं लावू दिली.

तक्रारीचं काय झालं ते ऐकून कुणाची न्यायावरची श्रद्धा वाढेल असं नाही. चौकशी झाली. हॉलनबेकला पेशंटांपासून हटवलं, आणि नव्या डॉक्टरांना शिकवायच्या खात्यात नेमलं. विषय: पेशंटशी संवाद. वेतनश्रेणी वरची. प्रोफेसरांचा निबंध छापून आला, त्यात ती भेट नव्हती. काही तांत्रिक कारणानं वगळली असं तळटिपेत होतं. नोएमीनं गुरू बदलला, तिचं एक वर्ष वाया गेलं, आणि तिनं नवा निबंध लिहायला घेतला तो डॉक्टरनं कधी पडद्याकडं बघायलाच हवं, याच्यावर. त्यासाठी ती एव्हारिस्तोला विचारायला पॉइंट लोमाला आली. त्यानं तिला दाराशीच दटावलं, पुन्हा पेटी आणलीस तर समुद्रात टाकीन. मग आत घेऊन लिंग्विसा, म्हणजे पोर्तुगीज सॉसेज, आणि अंडी खाऊ घातली.

नव्या डॉक्टर बाउतिस्ता म्हणजे त्याच सँडविचवाल्या बाई. त्या पडद्याकडं बघायच्या, भरपूर बघायच्या, आणि बघताना सांगायच्या, थांबा, आता मी वाचतेय. एव्हारिस्तोला त्यांच्यातही खोट सापडलीच. आवाज फार बारीक, आणि खोलीत कसल्याशा फुलांचा वास. पण विचारलं की तो आता पुरतं उत्तर द्यायचा, कुरकुरत का होईना. खुर्चीत दाराकडं तोंड करून बसायची सवय काही गेली नाही; मधेच ध्यानात आलं की तो चडफडत सरळ व्हायचा.

आणि दवाखान्यानं, तोंड बंद राहावं म्हणूनच बहुधा, त्याला पेशंटांच्या सल्लागार मंडळावर घेतलं. दर महिन्याला एक बैठक. सुटाबुटातले लोक ‘पेशंटचा प्रवास’ आणि ‘पेशंटचा अनुभव’ असले शब्द वापरून बोलतात, भिंतीवर रंगीत आलेख दाखवतात, आणि एव्हारिस्तो फ्रेतास टेबलाच्या टोकाला बसून एकेकाची चामडी सोलतो. पार्किंगपासून परिपत्रकांपर्यंत काही सोडत नाही. त्यांना तो नकोसा झालाय, पण काढता येत नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी तो न्हाव्याकडून दाढी करून येतो, बूट पुसून ठेवतो.

“तुम्हाला ती माणसं एवढी नावडतात तर जाता कशाला, पापा?” लिडियानं परवा विचारलं.

“नावडतात म्हणून तर जातो,” तो म्हणाला. “आवडती माणसं काय, सगळी वर गेली.” आणि तिला गाडीची किल्ली आणायला पिटाळलं, कारण उशीर झाला असता तर त्या लोकांनी त्याच्याशिवाय सुरुवात केली असती.